उत्तरासाठी सोडलेली जागा

६ ऑक्टोबर २०२५, अमरावती

तिने कॅमेऱ्याची काच सोडून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "समजलं का?" — तिथं माझं सगळं फिरलं. कॉलेज त्याच दिवशी सुटलं. लोकांना मी हजेरीचं कारण सांगतो, बाबांना तब्येतीचं. खरं कारण हे एवढंच.

लॉकडाऊनचं वर्ष. शाळा बंद. खुशालरावांनी आपल्या लोकल चॅनलवर 'घरबसली शाळा' सुरू केली होती — पोरांनी घरी टीव्हीपुढे वही घेऊन बसायचं, इकडून धडे जायचे. केबलच्या ऑफिसमागच्या खोलीत हिरवा फळा लावला. गणित शिकवायला दामिनी. नुकतीच बी.एड. झालेली, शिकवायची हौस दांडगी, पण काचेशी बोलायला जमेना. टीव्हीच्या धड्यात प्रश्न विचारला की जागा सोडावी लागते. घरच्या पोराला उत्तर द्यायला वेळ द्यायचा, मग "शाब्बास" म्हणायचं. ही थांबायचीच नाही. स्वतःच विचारायची, स्वतःच सांगायची, पळत सुटायची. कॅमेरा मीच सांभाळायचो. शेवटी मला म्हणाली, "बंडू, तू समोर बस. उत्तर मनात दे, आवाज नको. तुझं झालं की मान हलव, मी पुढे जाते."

मी कॅमेऱ्याशेजारी स्टुलावर बसलो. तेव्हापासून ती सोडलेली जागा माझी. कधी कधी तर माझी मान हलायच्या आधीच ती शाब्बास म्हणायची! मला वाटायचं, हिला माझ्या मनातलं कळायला लागलं.

आता शाळा कधीच्या उघडल्या. दामिनी फेब्रुवारीत लग्न होऊन अकोल्याला गेली. जाताना म्हणाली, "कॉलेज पूर्ण कर." एवढंच. दुपारी चॅनलवर लावायला काही नसतं, म्हणून मी ते धडे पुन्हा लावतो. खुशालराव म्हणतात, "लाव ना बाबू, तसंबी कोन पाह्यते?" मी पाहतो. मला एकट्याला पुरतं. मशीनच्या खोलीतला स्पीकर गणपतीतच जळला. आवाज बाहेर घरोघर जातो, इथं काही ऐकू येत नाही. मला लागतही नाही, सगळे धडे पाठ आहेत. तिचे ओठ हलतात, ती थांबते, आणि मी बोलतो. आता रेकॉर्डिंग थोडंच आहे? मनात कशाला ठेवू?

हे आज लिहायचं कारण — फोन आला. पडद्याखालच्या पट्टीवर "शंका विचारा" म्हणून एक नंबर फिरतो. पाच वर्षं जुनी पट्टी, काढायची राहून गेली. त्यावर.

"टीव्हीवाले काय? मी मूर्तिजापूरहून केशरबाई बोलतो. मले चौथीतून काढलं होतं ना बाप्पा, म्हनून तुमची शाळा पाह्यतो, वाती करता करता. एक इचारायचं होतं. थे बाई थांबते ना, तवा कोनी उत्तर देते, थे कोन हाये?"

म्हणालो, कोणीच नाही मावशी. तिथं कोणी बोलत नाही.

"बोलते ना. लय हळू येते. लेकरू बोलल्यासारखं."

"शेजारचं पोर असेल."

"माह्या शेजारी कापसाचं गोडाऊन हाये."

७ ऑक्टोबर

कालच्या धड्याची फाइल हेडफोन लावून ऐकली. अपूर्णांकांची बेरीज. दामिनी विचारते, थांबते — पंख्याची घरघर, बाकी काही नाही — मग "शाब्बास". दोनदा ऐकली. कोणीही नाही.

म्हणजे कोणीतरी इथं बसून चाळा करतोय. इथं माझ्याशिवाय मशीनला हात लावतो तो गजेंद्र. तो चहा घेऊन वर आला तसा मी त्याची कॉलर धरली. चहा दोघांच्याही अंगावर. तो ओरडला, "अबे बंड्या, पागल झाला काय? माहा आवाज लेकरासारखा हाये काय? बिड्या पिऊन पिऊन नरडं फाटलं माहं!"

खुशालरावांनी सोडवलं. "तुमी दोघं इथं कुत्र्यावानी भांडा, अन् तिकडं लोकं केबल काढून डिश लावून राहिले." मग मला बाजूला घेऊन हळूच, "बाबू, तिचं लग्न झालं. आता थोडं तुह्यं पाह्य."

मला राग गजेंद्रचा नव्हता. दामिनी थांबते ती माझ्यासाठी. त्या जागेत दुसरं कोणी बोलतं, ही कल्पनाच मला सहन होत नाही.

८ ऑक्टोबर

केशरबाईंचा फोन. "आज पाच अष्टमांश म्हने. बरोबर होतं ना?"

बरोबर होतं.

९ ऑक्टोबर

अंजनगावहून आईचा फोन. दिवाळीला येतोस की नाही. "तुले ना भाऊ ना बहीन. तू नसला की घर खायाले उठते. तुहे बाबा बोलत नाहीत, पन रोज एस.टी.च्या टायमाले ओट्यावर जाऊन बसतात." बघतो म्हणालो. गेलो की कॉलेजचा विषय काढतील, म्हणून जात नाही.

उद्या मूर्तिजापूरला जातोय. स्वतः ऐकतो. धडा गजेंद्र लावेल. बटण दाबून तो खाली चहाच्या टपरीवर जाऊन बसतो, पण लावेल.

१० ऑक्टोबर

बडनेऱ्याहून पॅसेंजर पकडली. डबा भरलेला, माझ्या शेजारची जागा तेवढी बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत रिकामी. लोक उभे राहिले, पण तिथं कोणी बसलं नाही. माझा चेहराच तसा असेल.

केशरबाईंचं घर बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेच्या रुळांच्या पलीकडे. खरंच शेजारी गोडाऊन. बाई वाळक्या अंगाची, मोठ्या भिंगाचा चष्मा, मांडीवर कापूस. मी दारात उभा राहिलो तर माझ्याकडे पाहिलं, मग जरा खाली पाहिलं, आणि म्हणाली, "या, या. उन्हात काहून उभे?" चिवडा आणला. दोन बशा. एक माझ्यापुढे ठेवली, एक माझ्या बाजूला सतरंजीवर. मला वाटलं तिची. तिने खाल्लं नाही. ती बशी तशीच राहिली.

धडा लागला. दामिनी आली. दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या टीव्हीवर ती लहान दिसते. हेडफोनशिवाय तिचा आवाज कितीतरी दिवसांनी ऐकला. तिने विचारलं, "मग मला सांगा, उरलेला भाग किती?" आणि थांबली.

काहीच नाही. पंखा. मग "शाब्बास".

पूर्ण धडा असाच गेला. केशरबाई ओशाळली. "रोज येते हो. मले खोटं बोलून काय भेटते? आज लाजून राहिलं असन." मग वात वळता वळता सहज बोलल्यासारखं, "कसं हाये, रिकामी जागा ठेवली की कोनीतरी येऊन बसतेच तिथं."

परतीच्या गाडीत कुरूम स्टेशन मागे पडलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी खोलीत नव्हतो, आणि आवाज आला नाही. म्हणजे आवाज माझा. हळू येतो म्हणून तिला लेकराचा वाटला असेल.

ऑफिसला येऊन पाहिलं. नवरात्रात अंबादेवीची आरती थेट दाखवली होती, तेव्हा मधूनमधून बोलायला गजेंद्रने खोलीत माइक लावला होता. तो तसाच कपाटावर पडलेला, तोंड माझ्या खुर्चीकडे. आवाजाच्या मिक्सरवरचं त्याचं सरकतं बटण अर्ध्यावर. हा मिक्सर फक्त दुपारच्या धड्यांनाच लागतो. बाकी दिवसभर सिनेमे दुसऱ्या मशीनवरून जातात. म्हणजे नवरात्रापासून रोज दुपारी, दामिनी थांबली की, मी जे जे बोललो ते सगळं घरोघर गेलं.

११ ऑक्टोबर

काय काय बोललो ते आठवून लिहिणार होतो. लिहवत नाही. उत्तरं सांगितली, ते ठीक. पण — "दामिनी, इकडे पाहा." "समजलं, तू सांगशील ते समजलं." "अकोल्याचं पाणी मानवलं का तुला?" एकदा तर रडलोही. चार-पाच दिवस झाले असतील.

अमरावती, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला. अकोल्याच्या केबलवाल्याशी खुशालरावांचं मागच्याच वर्षी जमलं, आमचं चॅनल तिकडेही दिसायला लागलं. तेव्हा मीच पेढे वाटले होते.

माइक काढला. वायर गुंडाळून कपाटात कोंबली, कपाटाला कुलूप.

१२ ऑक्टोबर

लाज वाटतेय, हे खरं. पण लाजेच्या खाली दुसरंही काही आहे. तिने ऐकलं असेल.

१३ ऑक्टोबर

धडा लावला. तोंडातून शब्द काढला नाही. हात मांडीखाली दाबून बसलो. धडा संपतो न संपतो तोच फोन.

"बरं केलं बापा, थो मोठा बंद केला. 'दामिनी दामिनी' करे मधात मधात. त्याच्यापायी लहानीचं धड ऐकू येत नोयतं."

मी म्हणालो, मावशी, तो मोठा मीच होतो. चुकून माइक चालू राहिला. आता काढला. आता कोणीही बोलत नाही.

"तुमी होते काय? अगाई. पन आज बी आली ना लहानी. काटकोन म्हने. चांगलं खणखणीत म्हने."

"आज कोणीही नव्हतं मावशी. माइकच नव्हता."

"मंग मले काय मालूम? थो मोठा तर नवरात्रापासून आला. लहानी पोयापासून हाये."

म्हणालो, या वयात महिने मागेपुढे होतात. तिने वाद घातला नाही. "होत असन बाप्पा," म्हणाली, आणि फोन ठेवला. मला तिचं तेच लागलं — वाद न घालणं.

पोळ्याला तर स्पीकर चांगला होता. तेव्हा मी रोज ऐकत होतो. मला कधी कोणी ऐकू आलं नाही. की मीच इतका बोलत असायचो?

१४ ऑक्टोबर

एक वेडेपणा केला.

मागच्या खोलीत फळा अजून आहे. फरशीवर कॅमेऱ्याच्या स्टँडच्या जागी चिकटपट्टीची फुली आहे, दामिनी उभी राहायची तिथंही एक आहे. स्टूल कोपऱ्यात होता. सगळं जागच्या जागी मांडलं. गजेंद्रला स्टुलावर बसवलं. त्या दिवशीच्या भांडणाचं त्याने मनात धरलं नाही, पोरगा मनाचा मोठा आहे. मी मोबाइलवर तिचा धडा लावून फळ्यापुढे उभा राहिलो. ती जिथं पाहते तिथंच मीही पाहायचं, असं.

गजेंद्र म्हणाला, "अबे, तू माह्याकडं नाही पाहून राहिला."

"तुझ्याकडेच पाहतोय."

"नाही ना बे. तू माह्या टोंगयापाशी पाहून राहिला. खाली."

पुन्हा केलं. दुसरा धडा लावला. तिसरा लावला. ती थांबते, मान किंचित डावीकडे वळवते, आणि नजर खाली. स्टुलाच्या पायाशी. तिथं काही नाही — फरशी आहे, भिंतीचा कोपरा आहे.

गजेंद्रला म्हणालो, तेव्हा मी वाकून बसायचो, फ्रेममध्ये येऊ नये म्हणून. तो म्हणाला, "एवढा वाकून? मंग तर तू फरशीवरच बसत असशीन."

त्याला हाकलून दिलं. दार लावून बराच वेळ तिथंच बसलो. ज्या पाहण्यावर मी कॉलेज सोडलं, घर सोडलं, तीन नोकऱ्यांना नाही म्हटलं, ते पाहणं माझ्या गुडघ्याइतक्या उंचीवर पडतं. एकदा तिच्या तोंडून ऐकलं पाहिजे. तू माझ्याकडेच पाहायचीस, एवढं एकदा ती म्हणाली तर बस. मग बाकी सगळं खड्ड्यात गेलं तरी चालेल.

१५ ऑक्टोबर

दामिनीचा फोन. तिचा! नाव पाहून लगेच उचलला.

पण तिचा आवाज धड्यातला नव्हता.

"बंडू, सासूबाई टीव्हीपुढे भाजी निवडत होत्या. मी दिसले म्हणून कौतुकाने मला हाक मारली. मी येऊन उभी राहते तर तुझा आवाज. माझं नाव घेऊन. सासूबाईंनी टीव्हीचा आवाज आणखी वाढवला. पूर्ण ऐकलं त्यांनी. यांनीही ऐकलं दुसऱ्या दिवशी."

मी म्हणालो, माइक चुकून राहिला होता. काढला आता.

"माइकचं काय घेऊन बसलास? रोज दुपारी सगळे घड्याळ पाहतात आणि कोणी माझ्याशी बोलत नाही. इथल्या शाळेत मला नोकरीचं बोलावणं होतं. यांनी सांगितलं, आता नको. कळतं का तुला? ते धडे काढून टाक. सगळे. मला तिथं उभं ठेवू नको."

मी भडकलो. का भडकलो? चूक माझी, भडकलोही मीच. म्हणालो, "मी असं काय बोललो? नावच घेतलं ना? आणि तू? तू नव्हतीस पाहत माझ्याकडे? रोज थांबायचीस ती कोणासाठी? एवढंच सांग, तू माझ्याकडेच पाहायचीस ना? मग काढतो."

ती म्हणाली, "हे आत्ता विचारतोस?" मागून कोणीतरी तिला हाक मारली. फोन कट.

मोबाइल भिंतीवर मारणार होतो. हात वर गेलाही होता. मारला नाही — तिचा पुन्हा आला तर?

१६ ऑक्टोबर

रात्रभर तिचं एकच वाक्य. मला तिथं उभं ठेवू नको.

काय केलंय मी? एका मुलीला फळ्यापुढे उभं केलं, तिच्या हातात खडू दिला, आणि रोज दुपारी पुन्हा पुन्हा तोच प्रश्न विचारायला लावला, कारण मला उत्तर द्यायला आवडतं. तिला तिकडे खऱ्या वर्गात उभं राहायचं होतं. तिच्या उत्तरावर काही अडवणं बरोबर नाही. ती हो म्हणो, नाही म्हणो.

खुशालरावांना सांगितलं, उद्या शेवटचा धडा, मग सगळे पुसून टाकतो. आणि एक विनंती केली — अकोल्याला तिच्या घरी तुम्ही स्वतः जा, सांगा की हा आमच्याकडच्या एका मूर्ख पोराचा प्रमाद, तिला याची वार्ताही नव्हती. ते म्हणाले, "जातो ना बाबू. सोमवारीच जातो. अन् तू?"

"मी अंजनगावला. बाबांना खरं सांगतो."

"शिकशीन पुढं?"

बघतो म्हणालो. आज पहिल्यांदा ते खरं म्हणालो.

१७ ऑक्टोबर

सकाळी सगळ्या फाइली पुसल्या. एक ठेवली, दुपारसाठी. पिशवी भरून घेऊनच वर आलो. धडा लावला. स्टूल मागच्या खोलीतून आणून खुर्चीशेजारी ठेवला, उगीच. शेवटचं बसावं म्हणून.

धडा अर्ध्यावर असताना दामिनीचा मेसेज आला. जसाच्या तसा उतरवून ठेवतो.

"खुशालकाकांचा फोन आला होता. बरं केलंस. परवा विचारलंस त्याचं उत्तर द्यायचं राहिलं. खोटं सांगत नाही, तुझ्याकडे नव्हते पाहत. स्टुलापाशी खाली बसायची ना ती, दोन वेण्यांची, तिच्याकडे पाहायचे. तिने बोट वर केलं की शाब्बास म्हणायचे. तुझी बहीण ना ती? रोज तुझ्यामागून यायची, तुझ्यामागूनच जायची. तू कधी ओळख करून दिली नाहीस, मीही विचारलं नाही. एकदाही चुकली नाही पोरगी. तू शिकला नाहीस ते नाहीस, तिला तरी शिकव."

पडद्यावर दामिनीने प्रश्न विचारला आणि थांबली. मान डावीकडे, नजर खाली.

हेडफोन टेबलावर होता. घातला नाही.

मूर्तिजापूरचा दिवस आठवला. मी तिकडे होतो, आणि इथली जागा रिकामी गेली होती. गाडीतली शेजारची जागा आठवली. चिवड्याची दुसरी बशी.

दामिनी शाब्बास म्हणाली. मी मशीन बंद केलं. शेवटची फाइल पुसली. पिशवी खांद्याला लावली, बाहेर आलो. दार थोडा वेळ उघडं धरून उभा राहिलो. मग लावून घेतलं.